आवाजाचा कोटा आणि प्रेसखालचा हात

दरवर्षी 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा सप्ताह सुरू होतो. पुणे परिसरातल्या भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांत शपथ, बॅनर, पोस्टर स्पर्धा नेहमीच्याच. आता त्यात एआयच्या आवाजातले सुरक्षा-व्हिडिओ आले आहेत. कृत्रिम आवाजावर तशी ठळक खूण हवी, या 20 फेब्रुवारी 2026 पासून लागू झालेल्या नियमाची चर्चा भरपूर झाली. व्हिडिओ बनवणाऱ्याची झोप मात्र वेगळ्याच गोष्टीनं उडते: ऐन वेळी आवाज बनवणाऱ्या सेवेचा महिन्याचा कोटा संपतो आणि संहितेला कात्री लागते.

‘प्रेसमध्ये हात घालू नका’ हे वाक्य घ्या. आपल्याला अक्षरं दिसतात दहा. युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, हलन्त, मोकळी जागा धरून ती होतात 23. इलेव्हनलॅब्ज या आवाज बनवणाऱ्या सेवेच्या मोफत योजनेत महिन्याला 10,000 क्रेडिट मिळतात आणि तिच्या मुख्य मॉडेलांवर एका चिन्हाला एक क्रेडिट जातं. सहा-सात मिनिटांचं मराठी निवेदन दोनदा पूर्ण काढलं, की महिना साधारण आटोपलाच. गुगलच्या अशाच सेवेत एका वेळी 5,000 बाइटचाच मजकूर देता येतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे मराठीला सतराशे-अठराशे चिन्हांवरच तुकडा पाडावा लागतो.

तरी खरा कोटा जातो तो दुरुस्त्यांत. सेफ्टी ऑफिसरची सही व्हायच्या आधीच आवाज काढला जातो. मग उत्पादन विभाग एक शब्द बदलतो, ‘मि.मी.’ यंत्र भलतंच वाचतं, आणि एका ओळीसाठी सगळं निवेदन पुन्हा काढलं जातं. त्यापेक्षा कच्चं निवेदन फोनवर स्वतःच्या आवाजात करावं, त्यावर दृश्यं जुळवावीत, मंजुरी घ्यावी आणि मगच यंत्राकडे जावं. दृश्यागणिक वेगळी फाइल ठेवावी. आकडे, लघुरूपं अक्षरी लिहावीत. ‘मिलिमीटर’ला दोन चिन्हं जास्त गेली तरी पुन्हा काढण्याचा खर्च वाचतो.

हे न केल्यास कात्री कुठे चालते? डाय बदलण्याआधीची सूचना असते: ‘मेन स्विच बंद करा, कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा.’ घाईत शेवटचा तुकडा फाजील वाटतो. पण चावी पॅनलवरच लटकत राहिली, तर पुढच्या शिफ्टचा माणूस कुलूप काढून मशीन चालू करतो, आणि डाय बदलणाऱ्या सेटरचा हात आत असतो. दुसरी कात्री भाषेवर. मराठवाड्यातून आलेला हेल्पर आणि बिहारमधून आलेला ऑपरेटर एकाच प्रेसवर उभे असतात. दोन भाषा म्हणजे दुप्पट चिन्हं, म्हणून एक आवृत्ती वगळली जाते. हे मला मान्य नाही. जीव वाचवणारी दहा-बारा वाक्यं कोट्यावर ठेवूच नयेत. त्याच शॉपच्या सुपरवायझरनं ती दोन्ही भाषांत फोनवर बोलावीत. रोज हाक मारणारा आवाज कामगार ओळखतो. यंत्राचा आवाज मग प्रास्ताविकाला, कंपनीच्या माहितीला खुशाल वापरा.

सुपरवायझरचा आवाज क्लोन करून ठेवण्याचा मोह मात्र होईल. आशा भोसले यांच्या आवाजाच्या एआय नकलांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयानं 2025 मध्ये त्यांना संरक्षण दिलं. कंत्राटी सुपरवायझर कोर्टाची पायरी कुठून चढणार? त्याची लेखी संमती घ्या, आवाज कोणत्या व्हिडिओत वापरणार ते त्यात लिहा आणि त्यानं नोकरी सोडली, की क्लोन पुसून टाका.