घाटाखालचा जुगार, घाटावरचे गिऱ्हाईक

महाराष्ट्राकडे ४७ वर्षे कॅसिनोचा कायदा होता आणि कॅसिनो एकही नव्हता. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९७६ साली विधिमंडळाने कॅसिनो नियंत्रण व कर कायदा संमत केला. तो लागू करण्याचे धाडस पुढच्या एकाही सरकारला झाले नाही आणि रद्द करण्याची तसदी २०२३ पर्यंत कुणी घेतली नाही. अधूनमधून कुणी पर्यटनवाढीच्या नावाने त्यावरची धूळ झटकायचे, कुणी संस्कृतीच्या नावाने ओरडायचे आणि फाईल पुन्हा कपाटात जायची. त्याच १९७६ साली गोव्यातही जुगाराचा कायदा झाला, तो मात्र बंदीसाठी. त्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन आली. १९९६ साली आणखी एक दुरुस्ती झाली आणि जहाजांवर पत्त्यांची टेबले लागली. बंदीच्या कायद्यातून धंदा उभा राहिला, परवानगीचा कायदा वाळवीने खाल्ला.

पणजीला मांडवीच्या काठी शनिवारी संध्याकाळी उभे राहिले की गाड्यांच्या पाट्या वाचण्यासारख्या असतात. एमएच १० म्हणजे सांगली, एमएच ११ सातारा, एमएच ५० कराड. आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडी गाठली की गोवा आलाच. गाडी नको असेल तर सातारा, सांगली, मिरज करत जाणारी गोवा एक्सप्रेस आहे. धक्क्यावरून छोटी बोट जहाजाला नेऊन लावते. प्रवेशाच्या पैशातच जेवण, पेय, नाचगाणे आणि थोडी टोकने असतात. वर गेल्यावर फुकट मिळाल्यासारखे वाटते, आणि तसे वाटावे यासाठीच ती रचना केलेली असते. टेबलांवर रूलेट असते, पण खरी गर्दी आपल्या ओळखीच्या खेळांना, तीन पत्ती आणि अंदर-बाहरला. हा फड गावात बसला की पोलीस छापा टाकतात आणि ‘रोख रकमेसह जुगाराचे साहित्य जप्त’ अशी बातमी येते. इथे त्याच फडावर गणवेशातली मुलगी पत्ते वाटते आणि पावती मिळते.

गोवेकराला मात्र तिथे मज्जाव आहे. फेब्रुवारी २०२० पासून स्थानिकांना कॅसिनोत प्रवेश नाही, तो फक्त पर्यटकांना. यात गोव्याने वेगळे काही केलेले नाही. नेपाळात १९६८ पासून कॅसिनो आहेत, नेपाळी नागरिकाला तिथे खेळता येत नाही. दक्षिण कोरियात एवढ्या कॅसिनोंपैकी कोरियन माणसाला एकच खुला आहे, तोही बंद पडलेल्या कोळसाखाणींच्या डोंगराळ भागात. सिंगापूरने २०१० साली दोन प्रचंड कॅसिनो उघडले आणि आपल्या नागरिकाला आत जायचे तर शुल्क लावले, ते आता चोवीस तासांना १५० सिंगापूर डॉलर आहे. परदेशी पाहुणा मोफत. जगभर या धंद्यातली स्पर्धा अशी चालते: महसूल आपल्याला, बुडणारे घर शेजाऱ्याचे. या हिशेबात गोव्याचे शेजारी आपण आहोत. ऊसबिल, तासगावच्या बेदाण्याचे सौदे, हळदीची पट्टी असा रोकडा पैसा ठरावीक हंगामात एकदम हातात येणारे आपले जिल्हे कुठल्याही कॅसिनोमालकाला आवडतील असेच आहेत.

शेजाऱ्याच्या खिशावर जगणे किती भरभराटीचे आणि किती बेभरवशाचे असते, हे मकावने दाखवले. चीनला लागून असलेल्या, तेव्हा पोर्तुगीज अमलातल्या या गावात १९६२ पासून स्टॅन्ले हो यांच्या कंपनीची मक्तेदारी होती. २००२ साली ती मोडली. २००४ साली अमेरिकेहून सँड्स ही कंपनी आली आणि तिची गुंतवणूक वर्षभरात वसूल झाली. २००६ साली मकावने लास वेगासच्या मुख्य रस्त्याला, स्ट्रिपला, मागे टाकले आणि २०१३ साली तिथल्या कॅसिनोंची कमाई ४५ अब्ज डॉलर झाली, म्हणजे स्ट्रिपच्या सहा-सात पट. गिऱ्हाईक जवळजवळ सगळे चीनच्या मुख्य भूमीवरचे. त्यांना आणणारे, उधार देणारे आणि घरी जाऊन वसुली करणारे दलाल म्हणजे जंकेट. मग बीजिंगने भ्रष्टाचाराविरुद्ध मोहीम उघडली आणि कमाई घसरली. पुढे महासाथ आली. २०२१ साली सर्वांत मोठ्या जंकेटचा मालक आल्विन चाऊ पकडला गेला, जानेवारी २०२३ मध्ये त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली. आज मकावमधल्या सहा कंपन्यांना परवाना टिकवायचा तर नाटके, संमेलने, प्रदर्शने यांवर पैसा ओतण्याच्या अटी पाळाव्या लागतात. शेजाऱ्याने दार लावले की काय होते, ते त्यांनी पाहिले आहे.

उधारीच्या वसुलीला मागे लागणारा हा दलाल काही चिनी शोध नाही. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘मृच्छकटिक’ मराठी रंगभूमीवर आणले. शूद्रकाच्या मूळ नाटकात संवाहक नावाचा जुगारी दहा सुवर्णमुद्रा हरून पळतो आणि उलट्या पावलांनी रिकाम्या देवळात शिरून मूर्ती होऊन उभा राहतो. वसुलीसाठी मागावर आलेला अड्ड्याचा मालक माथुर त्याला ओळखतो, पण हात लावत नाही. तिथेच फाशांचा डाव मांडतो. फाशांचा आवाज ऐकून संवाहकाला राहवत नाही आणि ‘देव’ खाली उतरतो. जुगाराच्या व्यसनावर इतका नेमका प्रसंग मी दुसरीकडे वाचलेला नाही. कौटिल्याने तर जुगारावर सरकारी अध्यक्षच नेमला होता आणि जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच सरकारजमा करायला सांगितले होते.

स्पर्धा वाढली की माल स्वस्त होतो, असे आपण धरून चालतो. कॅसिनोत उलटे घडले. रूलेटच्या युरोपीय चाकावर ३७ घरे असतात आणि अचूक आकड्याला लावलेले पैसे परत आणि वर ३५ पट मिळतात, म्हणजे शंभर रुपयांमागे मालकाचे सरासरी २ रुपये ७० पैसे. अमेरिकेत चाकावर दोन शून्ये असतात, तिथे ५ रुपये २६ पैसे. गेल्या दशकात वेगासमध्ये तीन शून्यांची चाके आली, तिथे ७ रुपये ६९ पैसे. तरी माणसे बसतातच, कारण समोर कारंजी आहेत, गायिका आहे, नामवंत आचारी आहे. स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांची जास्त कमाई आता जुगाराऐवजी खोल्या, जेवण आणि कार्यक्रमांतून होते.

याच तराजूत आपला मटका घालून पाहावा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर मुंबईत सुरू झालेला, पुढे कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी देशभर नेलेला हा धंदा. एकेरी आकड्याला साधारण नऊ पट मिळतात आणि आकडे दहा आहेत. म्हणजे शंभरामागे दहा रुपये बुकीचे. कागदावर मटका रूलेटहून महाग. पण मटक्याचे ओपन आणि क्लोज हे आकडे दिवसातून एकदाच येतात, मधल्या वेळात माणूस रानात जातो, टपरीवर बसतो, बायकोची बोलणी खातो. रूलेटचे चाक तासाला तीसेक वेळा फिरते. शंभराची टोकने तीस वेळा लावली की तीन हजार खेळले जातात आणि सरासरी ८१ रुपये गेलेले असतात. घर बुडते ते या वेगाने, टक्केवारीने नव्हे.

आणि वेगात मोबाईलला कोण हरवणार? कॅसिनोचा खरा प्रतिस्पर्धी शेजारचे जहाज नाही, खिशातला फोन आहे. पैसे लावायच्या रमीसाठी ना घाट उतरावा लागत होता ना बोट पकडावी लागत होती. ऊसतोड मजुरापासून कॉलेजच्या पोरापर्यंत सगळ्यांना ती पोचली. जुलै २०२५ मध्ये सभागृहात मोबाईलवर रमी दिसणाऱ्या चित्रफितीवरून राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री अडचणीत आले. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले. त्यांचे खाते बदलले आणि मिळाले ते क्रीडा खाते! पुढच्याच महिन्यात संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. मोठमोठ्या अॅपनी काही दिवसांत पैशांचे डाव गुंडाळले. ड्रीम इलेव्हनने क्रिकेट संघाचे प्रायोजकत्वही सोडले.

जहाजे मात्र राहिली, फक्त कर वाढला. ऑक्टोबर २०२३ पासून टोकनांच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. दहा हजारांच्या टोकनांमागे चार हजार. तो खेळणाऱ्याकडून घ्या नाहीतर मालकाने सोसावा. कौटिल्याने पाच टक्के घेतले असते, तेही जिंकल्यावर. भारतीय गिऱ्हाइकासाठी आता कोलंबोनेही दुकान मांडले आहे, ‘सिटी ऑफ ड्रीम्स’चा कॅसिनो तिथे ऑगस्ट २०२५ मध्ये उघडला. आखातात दुबईजवळच्या रस अल खैमा येथे विन कंपनीचा कॅसिनो उभा राहतो आहे. तासगावच्या बागायतदाराला दुबईची सहल नवी नाही.

माझे मत असे की, महाराष्ट्राने कायदा रद्द केला हे योग्यच, पण त्याने आपले काही वाचलेले नाही, कारण आपण गिऱ्हाईक आहोत, मालक कधीच नव्हतो. बंदीचे राजकारण मुंबईत होते, कर पणजी आणि दिल्लीला जातो, गहाण पडलेले रान मात्र वाळवा, कोरेगाव, तासगावात असते. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराचे व्यसन हा आजार मानला आहे. दारूच्या व्यसनासाठी साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ उभे केले. जुगाऱ्यासाठी तेवढ्याच ताकदीचे काम सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत व्हायला हवे आणि या ४० टक्क्यांतला काही वाटा त्यासाठी यायला हवा. सिंगापुरात बायको, आई-बाप किंवा मुले अर्ज करून घरच्या माणसाला कॅसिनोच्या दारातच अडवू शकतात. तशी सोय मांडवीच्या धक्क्यावर मागण्याचा हक्क एमएच १० आणि एमएच ११ वाल्यांना नक्कीच आहे. आपल्या आमदार-खासदारांना या दिवाळीत भेटायला गेलात, तर फराळाबरोबर हेही विचारा. आणि घरात कुणी फाशांच्या आवाजाला बळी पडत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येते.