काय बिघडलंय, की काय टिकलंय?

मूलनिवासी तरुणांच्या आत्महत्यांवरचं जुनं संशोधन चाळा. दारू, बेकारी, घरातली हिंसा, नैराश्य अशी जोखमीच्या घटकांची यादी लांबतच जाते. यात खोटं काही नाही. पण ती यादी हातात घेऊन गावाने करायचं काय?

मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड यांचा १९९८ चा शोधनिबंध या विषयात जरूर वाचा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फर्स्ट नेशन्सचे सुमारे २०० समुदाय आहेत. सगळ्यांची मिळून सरासरी काढली तर तरुणांच्या आत्महत्येचं प्रमाण इतर लोकसंख्येपेक्षा कितीतरी जास्त येतं. या दोघांनी ती सरासरी फोडली आणि १९८७ ते १९९२ चे आकडे समुदायवार मांडले. निम्म्याहून जास्त समुदायांत एकाही तरुणाने आत्महत्या केलेली नव्हती!

म्हणजे प्रश्नच बदलला. तिथे काय टिकून आहे? त्यांनी सहा गोष्टी तपासल्या: जमिनीच्या हक्कासाठीचे प्रयत्न, स्वशासन, शिक्षण, आरोग्यसेवा, पोलीस-अग्निशमन आणि सांस्कृतिक कामासाठी जागा. यातलं जितकं समुदायाच्या स्वतःच्या हातात, तितकं प्रमाण कमी. सहाही गोष्टी होत्या तिथे शून्य. पुढे २००७ मध्ये डार्सी हॅलेट यांच्यासोबत त्यांनी भाषा तपासली. जिथे निम्म्या तरी लोकांना आपल्या भाषेत बोलता येत होतं, तिथेही प्रमाण अगदी कमी दिसलं.

आता जरा सांभाळून. हा सहसंबंध आहे, आणि तोही समुदायाच्या पातळीवरचा. अमुक मुलगा भाषा बोलतो म्हणून सुरक्षित, असं यातून म्हणता येत नाही. आणखी एक. 'सामर्थ्य' हा शब्द सरकारला सोयीचा वाटू शकतो: तुम्ही समर्थ आहात ना, मग तुमचं तुम्ही बघा! पण ती सहा नावं पुन्हा वाचा. जमीन, शाळा, दवाखाना. हा सगळा अधिकाराचा आणि पैशाचा मामला आहे, नुसत्या मनोधैर्याचा नाही.

मोजमापाची अडचण वेगळीच. अलास्कातली युपिक गावं काहीशे वस्तीची. तिथे दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पात मृत्यू मोजून उपक्रम चालला की फसला हे ठरवता येत नाही, कारण आकडेच फार लहान असतात. तिथल्या 'कुंगास्विक' उपक्रमात (युपिक भाषेत अर्थ साधारण 'हत्यारांची पेटी') वडीलधारी मंडळी मुलांना शिकार, बर्फावरून सुरक्षित जाणं, जुन्या रीती शिकवतात. त्याचा परिणाम तपासताना संशोधकांनी 'जगण्याची कारणं' हा चल धरला. आपलं कुटुंब, आपली माणसं, त्यांना आपण हवे आहोत ही जाणीव मुलांमध्ये वाढते का, हे त्यांनी मोजलं. आणि ते मोजायचं कसं, हेही गावकऱ्यांसोबत बसून ठरवलं.