रात्री दहा ते सकाळी सहा

मीटिंगमध्ये बॉस ओरडला की आपले ठोके किती वाढले, हे मनगटावरचं घड्याळ लगेच सांगतं. आणि ऑपरेशन होऊन दोनच दिवस झालेल्या पेशंटची नाडी? जनरल वॉर्डात ती मोजली जाते चार-सहा तासांतून एकदा! सिस्टर येतात, बीपीचा पट्टा गुंडाळतात, चार्टवर आकडे लिहितात आणि पुढच्या कॉटकडे वळतात. मधले तास नातेवाइकांच्या डोळ्यांवर. मागच्या वर्षी मावशीच्या कॉटशेजारी स्टुलावर बसून मी तीन रात्री काढल्या. तिचा श्वास नीट चालतोय ना, हे चादरीच्या हालचालीवरून ताडत होते.

आयसीयूत मॉनिटर असतो, पण त्या वायरी लावून पेशंट बाथरूमपर्यंतही जाऊ शकत नाही. म्हणून आता आलेत छातीवर चिकटवायचे छोटे पॅच. हृदयाचे ठोके, श्वासाची गती, त्वचेचं तापमान, सगळं मोजून बिनतारी थेट सिस्टरच्या स्क्रीनवर. यातली खरी हीरोइन श्वासाची गती. तब्येत बिघडायला लागली की बऱ्याचदा तीच आधी वाढते आणि गर्दीच्या वॉर्डात हातानं मोजायची राहते तीही हीच. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी हिंडत्याफिरत्या माणसाचे सिग्नल रेडिओवरून पाठवले, तेव्हा पाठीवरचं यंत्र होतं जवळपास ३८ किलोंचं. आताचा पॅच शर्टाखाली दिसतही नाही.

पण थांबा, लगेच खूश होऊ नका. पेशंट कुशीवर वळला, पॅच जरा सुटला, की अलार्म. दिवसभर असे खोटे अलार्म ऐकले की कान सरावतात आणि खरा अलार्मही त्यातच हरवतो. शिवाय बोटाला लावायचा ऑक्सिमीटर प्रकाशावर चालतो, त्यामुळे त्वचेचा रंग आड येतो. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास बघा. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या पेशंटच्या नोंदींमध्ये ३.६ टक्के होतं, कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के. आपण सावळ्या मंडळींनी हे ऐकून ठेवलेलं बरं.

घरच्यांना ॲडमिट करताना रूमला एसी आहे का, हे आपण विचारतोच. तिथेच काउंटरवर आणखी एक विचारा: रात्री तीनला अलार्म वाजला, तर स्क्रीनसमोर कोण बसलेलं असतं?