एफ ६: विंडोच्या आतल्या आत फिरवणारं बटण

तीन वेगळ्या उड्या

एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जायला ऑल्ट आणि टॅब, हे बहुतेकांना पाठ असतं. ब्राउझरमध्ये पुढच्या टॅबवर जायला कंट्रोल आणि टॅब. तिसरी उडी मात्र सगळे माऊसवर सोडतात: एकाच विंडोतल्या एका पॅनेलमधून दुसऱ्यात. फाइल एक्स्प्लोररच पाहा. डावीकडे फोल्डरांची यादी, उजवीकडे फाइली, वर पत्त्याची पट्टी. विंडोजमध्ये या भागांतून फिरवणारं बटण म्हणजे एफ ६. सोबत शिफ्ट दाबलं की फेरी उलटी.

टॅबने का भागत नाही

वर्डमध्ये लिहिताना टॅब दाबलं तर ओळीत मोकळी जागा पडते. एक्सेलमध्ये पुढचा सेल येतो. रिबनपर्यंत त्याने पोचताच येत नाही. एफ ६ मजकुराला हात लावत नाही. एक्सेलमध्ये ते शीट, रिबन, बाजूला उघडलेलं टास्क पेन आणि खालचा झूम अशी फेरी मारतं. शीट विभागलेली असेल तर तिचे भागही त्यात येतात. बऱ्याच लॅपटॉपवर याच बटणावर आवाज किंवा ब्राइटनेसचं काम लादलेलं असतं. तिथे एफएन सोबत दाबावं.

जिथे हेच बटण वेगळं वागतं

डॉसवरच्या नॉर्टन कमांडरने १९८६ मध्ये पडद्यावर शेजारी शेजारी दोन याद्या मांडल्या. टॅबने पॅनेल बदलायचं, एफ ५ ने फाइलची कॉपी समोरच्या पॅनेलमध्ये, एफ ६ ने फाइलच तिकडे. टोटल कमांडर आणि लिनक्सवरचा मिडनाइट कमांडर आजही हीच रीत पाळतात. तिथे सवयीने एफ ६ दाबलंत तर फाइल हलवायची चौकट उघडेल; एस्केप दाबा आणि विसरा. रोज फाइली आवरणाऱ्याला एक्स्प्लोररपेक्षा ही जुनी मांडणीच जास्त सोयीची, असं माझं मत.

आपण आहोत कुठे?

पॅनेल बदललं, पण बदललेलं दिसलंच नाही तर काय उपयोग? वेबसाठीच्या सुलभतेच्या निकषांत, म्हणजे २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० मध्ये, दोन अटी आहेत: कीबोर्डचा फोकस कुठे आहे ते दिसावं, आणि तो कुठेही अडकून पडू नये. एनव्हीडीएसारख्या स्क्रीनरीडरवर काम करणाऱ्या अंध व्यक्तीला माऊसचा पर्याय जवळपास नसतोच. पॅनेलमधून बाहेर पडता आलं नाही तर तिचं काम तिथेच थांबतं. म्हणून प्रोग्रॅम आणि वेबसाइट बनवणाऱ्यांना विनंती: फोकसभोवतीची ती कड देखणी दिसत नाही म्हणून काढून टाकू नका.