व्यासपीठावर उभं राहताना



वक्तृत्व : विषय आधी जाहीर, भाषण तयारीचं.

उत्स्फूर्त भाषण : विषय ऐन वेळी, बहुधा चिठ्ठी उचलून. विचाराला मोजकी मिनिटं.

वादविवाद : अनुकूल किंवा प्रतिकूल बाजू. प्रतिपक्षाचे मुद्दे ऐकून खोडणं हे यातलं खरं कौशल्य; पाठांतर इथे पुरत नाही.

पुण्याची परंपरा : न्या. रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला, १८७५. नेतृत्वविकासासाठी ज्ञान प्रबोधिनी, १९६२. संस्थापक आप्पा पेंडसे.

टोस्टमास्टर्स (भाषणकलेच्या सरावाची संस्था) : १९२४, कॅलिफोर्निया, संस्थापक राल्फ स्मेडली. सदस्यत्व वयाच्या १८व्या वर्षापासून. त्याहून लहानांसाठी स्वतंत्र युवा नेतृत्व कार्यक्रम, साधारण आठ सत्रांचा.