नायकाच्या जागीं दुसरा

एखाद्या मोठ्या माणसाच्या जागीं जो दुसरा येतो, त्याचा पहिला अपराध एवढाच असतो कीं, तो पहिला नव्हे. त्याचे गुण कोणी पाहत नाहीं. तो कोण नाहीं, हेंच सर्वांस आधीं दिसतें. नामांकित कीर्तनकाराच्या मागून उभा राहिलेला शिष्य, दुजवराच्या घरांत पाऊल टाकणारी नवी गृहिणी, लोकप्रिय मास्तरांच्या वर्गावर आलेला नवखा शिक्षक, या सर्वांनीं ही शिक्षा भोगलेली आहे. हा विचार अलीकडे आमच्या मनांत फार घोळूं लागला आहे; परंतु तो ज्या निमित्तानें आला, तें निमित्त वाचकांस थोडें चमत्कारिक वाटेल. तें निमित्त म्हणजे एक व्हिडिओ गेम.

गेल्या दिवाळींत आमचे चिरंजीव चार दिवसांसाठीं घरीं आले, ते आपलें खेळाचें यंत्र बरोबर घेऊनच. टीव्हीला तें जोडून त्यांनीं जो खेळ मांडला, त्याचें नांव ‘मेटल गिअर सॉलिड २ : सन्स ऑफ लिबर्टी’. मूळ खेळ २००१ सालचा. २०२३ सालीं या मालिकेंतील जुने खेळ एकत्र करून पुन्हां विक्रीस आले, त्यांत हाही आहे. असल्या खेळांविषयींचें आमचें मत, खरें सांगावयाचें तर, एकही खेळ न पाहतां बनलेलें होतें. “बाबा, अर्धा तास बसून तर पाहा. यांत मारण्यापेक्षां लपण्यालाच जास्त किंमत आहे,” असें चिरंजीव म्हणाले. त्या अर्ध्या तासाच्या चार संध्याकाळी झाल्या.

लपण्याला किंमत, हें म्हणणें अगदीं खरें होतें. मालिकेचा कर्ता हिदेओ कोजिमा हा जपानांतील कोनामी या कंपनींत नोकरीस होता. १९८७ सालीं एमएसएक्स२ नांवाच्या घरगुती संगणकासाठीं त्यास युद्धाचा खेळ रचावयाचा होता. परंतु त्या संगणकाला पडद्यावर एकाच वेळीं फार आकृति हलवितां येत नसत. सैन्यच दाखवितां येत नाहीं, तर लढाई कसली? तेव्हां त्यानें अशी युक्ति केली कीं, शत्रूशीं लढावयाचें नाहीं, त्याची नजर चुकवून जावयाचें. अडचणींतून निघालेल्या या युक्तीचाच पुढें खेळांचा एक स्वतंत्र प्रकार झाला. पहारेकऱ्याची पाठ फिरेपर्यंत भिंतीशीं चिकटून राहणें, पावलाचा आवाज होऊं न देणें, वेळ पडल्यास पुठ्ठ्याच्या खोक्याखालीं दडणें, ही त्यांतील शौर्याची रीत. हें सर्व करणारा नायक सॉलिड स्नेक: रापलेला, थकलेला, पण न डगमगणारा योद्धा. १९९८ सालीं प्लेस्टेशनवर आलेल्या ‘मेटल गिअर सॉलिड’ या खेळानें तो देशोदेशींच्या तरुणांच्या गळ्यांतला ताईत झाला.

दुसऱ्या खेळाची पहिली चित्रफीत मे २००० मध्यें लॉस एंजेलिस येथील प्रदर्शनांत दाखविली गेली. भर पावसांत पुलावरून हडसन नदींतील जहाजावर उडी घेणारा स्नेक पाहून लोक हरखून गेले. २००१ सालीं नमुना म्हणून खेळाचा जो थोडा भाग बाहेर आला, त्यांतही नायक तोच. पुढील जाहिरातींतही तोच. नोव्हेंबर २००१ मध्यें लोकांनीं पूर्ण खेळ घरीं नेला. जहाजाचा प्रसंग झाला, जहाज बुडालें, त्याबरोबर स्नेकही गेलासें दिसलें. कथा दोन वर्षें पुढें सरकली, आणि मॅनहॅटनजवळच्या समुद्रांत उभारलेल्या ‘बिग शेल’ नांवाच्या कारखान्यांत एक मुखवटाधारी शिपाई पाण्यांतून वर आला. रेडिओवरून त्याचा कर्नल त्यास प्रथम ‘स्नेक’ अशीच हांक मारतो. मग तें सांकेतिक नांव बदलून ‘रायडन’ असें करण्यांत येतें. थोड्या वेळानें मुखवटा उतरतो, आणि त्याखालून एक कोंवळा, गोरा, लांब केसांचा तरुण निघतो. उरलेला सारा खेळ या तरुणाच्या अंगानें खेळावा लागतो.

“कॉलेजच्या पहिल्या वर्षीं एका मित्राच्या घरीं हा खेळ आम्ही खेळलों. किती चिडलों होतों म्हणून सांगूं! फसवलं, असंच वाटलं,” चिरंजीव हंसत हंसत सांगत होते. जगभर असाच गहजब झाला होता.

राग समजण्यासारखा आहे. रायडन हा जपानी शब्द. अर्थ मेघगर्जना आणि वीज. नांव असें गडगडणारें, परंतु माणूस मात्र समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेवरून पाय घसरून पडणारा! त्याचें युद्धशिक्षण यंत्राच्या कृत्रिम देखाव्यांत झालेलें. मोहीम ऐन रंगांत आली असतां त्याची प्रेयसी रोझ रेडिओवरून विचारते कीं, उद्यां ३० एप्रिल, हा दिवस कसला, आठवतें का? स्नेकच्या भक्तांस हा नायक न वाटतां नायकाचा उपहास वाटला. आपल्या नाट्यशास्त्रकारांनीं नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार प्रकार सांगितले आहेत. चौघांतही ‘धीर’ हा शब्द आहे. आणि रायडनपाशीं नेमका तोच कमी.

कोजिमानें आपल्या कृतीचें कारण सांगितलें आहे. स्नेक किती मोठा, हें स्नेकच्या आंतून दिसत नाहीं. तें पाहावयास बाजूला उभा असलेला दुसरा कोणी लागतो. कॉनन डॉयलनें शेरलॉक होम्सची थोरवी वॉटसनच्या तोंडून सांगितली, त्याच धर्तीवरची ही योजना. कारण पटण्यासारखें आहे. परंतु पुस्तक आणि खेळ यांत एक भेद आहे. वाचक वॉटसनच्या डोळ्यांनीं पाहतो, तरी त्याला वॉटसन व्हावें लागत नाहीं. खेळांत मात्र खेळणाराचीं बोटें हींच त्या पात्राचे हातपाय असतात. जो होम्स व्हावयास आला, त्यास न विचारतां वॉटसन करून बसविलें, तर तो रागावणारच. म्हणून लोकांच्या रागास आम्ही निव्वळ पोरकटपणा म्हणणार नाहीं.

तथापि तो खेळ पाहतांना आम्हांस वारंवार विराटपर्वाची आठवण होत होती. राजपुत्र उत्तर अंतःपुरांत बढाया मारतो, कौरवांची सेना दृष्टीस पडतांच रथांतून उडी टाकून पळत सुटतो, आणि सारथि झालेला बृहन्नडा त्यास धरून परत आणतो. सारथ्याच्या वेषांत प्रत्यक्ष अर्जुन आहे, हें आपणांस ठाऊक असतें. म्हणून उत्तराचें भय आपणांस हंसवितें, चिडवीत नाहीं. बिग शेलमध्येंही असाच एक बृहन्नडा आहे. प्लिस्किन असें नांव सांगणारा, नौदलाच्या तुकडींतला म्हणविणारा एक अधिकारी रायडनला भेटतो. आवाज ऐकतांच खेळणारा ओळखतो कीं, हा स्नेकच. ओळखीत नाहीं तो रायडन. पहिल्याच भेटींत हा वेषधारी आपल्याजवळचें पिस्तूल त्या पोराच्या हातीं देतो. पुढें कारखान्यांत पेरलेले बाँब निकामी करण्याचें काम दोघे वांटून घेतात; एका भागांत तो जातो, दुसऱ्या भागांत रायडन. अर्जुनानेंही लढाई स्वतः जिंकल्यावर उत्तरास हेंच सांगितलें होतें कीं, नगरांत हा विजय तुझा म्हणून कळीव. आणि रथांतून पळालेला तोच उत्तर पुढें कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशीं शल्याशीं लढतां लढतां पडला. त्या दिवशीं तो पळाला नाहीं.

खेळाचें मर्म शेवटाकडे उलगडतें. रायडनची सारी मोहीम आधींच रचलेली होती. स्नेकनें पूर्वीं अलास्कांतील शॅडो मोझेस बेटावर जे पराक्रम केले, तसेच प्रसंग ओळीनें घडवून आणले, तर दुसऱ्या एखाद्या शिपायाचा स्नेक बनवितां येतो कीं काय, असा तो प्रयोग म्हणून सांगितला जातो. हुकूम सोडणारा कर्नल हा मनुष्यच नव्हता; ती संगणकाची बुद्धि होती. एका क्षणीं तर तो कर्नल खुद्द खेळणारासच ‘यंत्र बंद कर’ म्हणून बजावूं लागतो. येथें आम्हीं चिरंजीवांस थांबविलें आणि विचारलें, “यंत्रासमोर बसून स्नेक व्हायला शिकलेला तरुण, म्हणजे तूंच कीं नाहीं रे?” ते म्हणाले, “तेंच तर आम्हांला वीस वर्षांपूर्वीं कळलं नव्हतं.”

अखेरीस मॅनहॅटनमधील फेडरल हॉलपाशीं रायडनच्या हातीं त्याची ओळखपट्टी येते. खेळणारानें आरंभीं जें स्वतःचें नांव लिहून दिलेलें असतें, तें तीवर कोरलेलें आहे. हें कोणाच्या ओळखीचें नांव, असें स्नेक विचारतो. आपण हें नांव कधीं ऐकलेलें नाहीं, असें सांगून रायडन ती पट्टी फेंकून देतो. आपलें नांव आपणच निवडीन, असें म्हणतो. खेळणारांनीं त्यास नाकारलें होतें. जातांना त्यानेंही खेळणारांस नाकारलें. हिशेब पुरा झाला!

पुढें काय झालें, तेंही पाहण्यासारखें आहे. २००४ सालच्या तिसऱ्या खेळांत रायडनच्याच चेहऱ्याचें एक पात्र घालून कर्त्यानें स्वतःच त्याची थट्टा करून घेतली. २००८ सालच्या चौथ्या खेळांत रायडन परत आला, तो बहुतेक शरीर यंत्राचें झालेला, हातीं तलवार घेतलेला. आणि ज्यांनीं त्यास हंसून घालविलें होतें, त्यांनींच टाळ्या पिटल्या. २०१३ सालीं ‘मेटल गिअर रायझिंग’ या खेळांत तो एकटा नायक झाला. आमच्या मतें या टाळ्यांत थोडी खोट आहे. त्या लोखंडी हातापायांस मिळाल्या; चांचरत, घसरत काम पुरें करणाऱ्या मुलास मिळाल्या नाहींत.

इतकें लिहिल्यावर एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही हा खेळ तटस्थपणें पाहत नव्हतों.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं एका तालुक्याच्या गांवीं आम्ही संस्कृतचे शिक्षक म्हणून रुजू झालों, ते एका शास्त्रीबुवांच्या जागीं. मुलांचा त्यांच्यावर फार जीव. आम्हीं विचार केला, आपण त्यांच्यासारखेच व्हावें. त्यांच्यासारखें बोट वर करून श्लोक म्हणूं लागलों, त्यांच्यासारखे डोळे मिटून अन्वय लावूं लागलों. मागच्या बांकावरून रोज एक आवाज येई, “शास्त्रीबुवा असं नव्हते म्हणत.” वर्ष सरत आलें, तरी वर्ग आमचा होईना. एके दिवशीं एका मुलानें समासाचा विग्रह विचारला आणि आम्हांस तो सुचेना. आम्हीं सरळ सांगितलें, “मला आतां येत नाहीं, उद्यां पाहून सांगतों.” शास्त्रीबुवा असें जन्मांत म्हणाले नसते. दुसऱ्या दिवशीं आम्ही वर्गांत शिरतांच तोच मागचा आवाज आला, “सर, सांपडला का?” त्या दिवसापासून तो वर्ग आमचा झाला.

हा अनुभव ज्यानें घेतला, त्यानें पुढें शहाणें व्हावें. परंतु आम्ही झालों नाहीं. आम्ही निवृत्त झालों, तेव्हां आमच्या जागीं एक तरुण बाई आल्या. मुलें संध्याकाळीं आमच्या घरीं येत आणि म्हणत, “सर, त्या तुमच्यासारखं शिकवत नाहींत.” आम्ही तोंडानें ‘असें बोलूं नये’ म्हणत असूं, आणि आंत जाऊन मुलांसाठीं लाडवांचा डबा काढीत असूं! त्या बाई एकदां आमच्या टिपणांच्या वह्या मागावयास आल्या होत्या. “शोधून ठेवतों,” असें आम्हीं सांगितलें. वह्या माळ्यावर कोठें आहेत हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें. आम्हीं त्या काढल्या नाहींत; आणि त्यांनींही पुन्हां मागितल्या नाहींत. या गोष्टीस आतां आठ वर्षें झालीं.

पडद्यावरच्या त्या थकलेल्या योद्ध्यानें ओळख ना पाळख, तरी आपलें पिस्तूल काढून पोराच्या हातीं दिलें, तेव्हां आम्ही खुर्चींत अस्वस्थ होऊन बसलों होतों. त्याचें कारण चिरंजीवांस कळलें नाहीं.

भाऊबीज झाल्यावर आम्हीं वह्या खालीं काढल्या, झटकल्या आणि बाईंच्या घरीं नेऊन दिल्या. उशिराबद्दल काय बोलावें तें सुचेना. त्यांनीं विचारलेंही नाहीं. चहा होईपर्यंत त्या पहिली वही चाळीत बसल्या होत्या. मध्येंच थांबून संकोचानें म्हणाल्या, “सर, इथं विभक्ति चुकलीय का?” आम्हीं चष्मा लावून पाहिलें. चुकली होती. गेलीं कित्येक वर्षें ती तशीच आम्ही शिकवीत आलों होतों. आम्हीं खिशांतली पेन्सिल काढून त्यांच्या पुढें केली, आणि म्हटलें, “तुम्हीच दुरुस्त करा. वही आतां तुमची.”