वासोट्यासाठी पोल घेताय?

दिवाळीनंतर बामणोलीहून लाँचने वासोट्याला जाणाऱ्यांनी ट्रेकिंग पोल घेताना आधी उंची जुळवावी. टोक जमिनीवर टेकवून मूठ धरली की कोपर काटकोनात यायला हवं. साडेपाच फूट उंचीला साधारण ११० ते ११५ सेंटिमीटर पुरतात. चढताना पाच-दहा सेंटिमीटर कमी, उतरताना तेवढेच जास्त. गुडघ्यांचा खरा कस उतारावरच लागतो, त्यामुळे लांबी बदलता येणारा पोलच घ्या. स्कीइंगचे पोल बहुधा एकाच लांबीचे असतात. ते गुलमर्ग-औलीला ठीक, सह्याद्रीत नकोत.

पिळून बसवायचं लॉक घामट हातांनी नीट आवळलं जात नाही. बाहेरून खटका दाबायचं लॉक बरं. कार्बन हलका, पण कातळाच्या फटीत अडकला तर तुटतो. ॲल्युमिनियम नुसतं वाकतं. मी डोळे झाकून ॲल्युमिनियम सुचवेन. पट्ट्यात हात खालून घाला, म्हणजे भार मनगटावर येतो.

सज्जनगडाच्या पायऱ्यांवर आणि कासच्या पठारावर टोकाला रबरी टोपी हवीच. कासला कातळावर मातीचा पातळ थर असतो, त्यातच तिथली फुलं येतात. उघड्या टोकाने तो उकरू नका!